ओरिझोन्तिना ते साओ पावलो, कुडाळ ते गिरणगाव

१९९६ साली फ्रान्समधल्या नीस शहरात एलिट या मॉडेलिंग एजन्सीची जागतिक स्पर्धा झाली. तिथे मुंबईची एक मराठी मुलगी, उज्ज्वला राऊत, शेवटच्या पंधरा जणींत पोचली. त्याच वर्षी तिनं ‘फेमिना लुक ऑफ द इयर’ हा किताब मिळवला होता. त्याआधी दोन वर्षं, १९९४ मध्ये, हीच स्पर्धा स्पेनच्या इबिझा बेटावर भरली होती आणि ब्राझीलची चौदा वर्षांची जिझेल बुंडशेन तिच्यात चौथी आली होती. दोघींची वाट एकाच दारातून सुरू झाली. पुढे जिझेल जगातली सर्वांत जास्त कमाई करणारी मॉडेल झाली आणि ते स्थान तिनं वर्षानुवर्षं सोडलं नाही. उज्ज्वलाही मागे राहिली नाही. गुची, इव्ह साँ लोराँ, रोबेर्तो काव्हाली, व्हॅलेंटिनो अशा नावांसाठी ती चालली आणि भारताची पहिली सुपरमॉडेल म्हणून ओळखली गेली. फरक दोघींच्या यशात शोधायला गेलं तर फार काही हाती लागत नाही. फरक त्यांच्या मागे आलेल्या रांगेत आहे. जिझेलच्या आधी आणि नंतर ब्राझीलच्या लहानलहान गावांतून मुली येतच राहिल्या. उज्ज्वलाच्या मागे महाराष्ट्रातून तशी रांग लागलीच नाही. सुपरमॉडेल ही निसर्गाची देणगी आहे असं मानलं, तर या फरकाचा उलगडा होत नाही. कापडाच्या आणि कपड्याच्या धंद्यानं बांधलेल्या एका लांब वाटेचा ती शेवटचा टप्पा आहे असं मानलं, तर होतो. आणि त्या वाटेचा इतिहास कुडाळसारख्या गावातून पाहिला की जास्त स्पष्ट दिसतो, कारण कोकणातली माणसं या धंद्यात शंभर वर्षं होती. ती होती मागाच्या बाजूला.

ओरिझोन्तिना हे जिझेलचं गाव ब्राझीलच्या अगदी दक्षिणेला, रिओ ग्रांदे दो सूल राज्यात, अर्जेंटिनाच्या सीमेकडे आहे. वस्ती कुडाळएवढीच, वीस हजारांच्या आतबाहेरची. सोयाबीन आणि मका पिकवणारा मुलूख, जर्मनीतून येऊन वसलेल्या शेतकऱ्यांचे वंशज, आणि गावाची ओळख म्हणजे कापणी-मळणीच्या यंत्रांचा कारखाना. ब्राझीलमधलं पहिलं स्वयंचलित कापणीयंत्र १९६५ साली इथेच तयार झालं. अशा गावात फॅशनचं नाव कोण काढणार? जिझेलची आई बँकेत नोकरीला होती. सहा बहिणी, त्यांत जिझेलची एक जुळी. मुलगी उंच आणि किडकिडीत, पोक काढून चालायची, आणि तिला व्हायचं होतं व्हॉलीबॉलपटू. आईनं तिला आणि बहिणींना एका वर्गात घातलं ते पाठ ताठ राहावी, चालणं सुधारावं म्हणून. वर्ग चालवणारे दिल्सन स्टाइन गावोगाव असे वर्ग घेत. वर्गातल्या मुलींची सहल साओ पावलोला गेली, तिथल्या एका मॉलमध्ये एलिटच्या माणसांच्या नजरेत ही मुलगी भरली. देशातल्या फेरीत ती दुसरी आली, मग इबिझा. १९९५ मध्ये ती साओ पावलोला राहायला गेली, सत्तावीस तासांचा बसप्रवास करून. चौदा वर्षांची मुलगी एकटी महानगरात जाते आणि घरचे पाठवतात, याचं आपल्याला आज नवल वाटेल. पण त्या वर्गाचे शिक्षक ओळखीचे होते, शहरातली एजन्सी त्यांच्या ओळखीची होती, एजन्सीनं घेतलेल्या घरात तिच्यासारख्याच मुली राहत होत्या. प्रत्येक टप्प्यावर पुढच्या माणसाला ओळखणारा कोणीतरी होता. हेच स्टाइन एरेशिमच्या अलेस्सांद्रा आम्ब्रोसियोला आणि पनांबीच्या कारोलिना त्रेंतिनीलाही या धंद्यात आणणारे. एकाच राज्यातल्या, महानगरांपासून दूरच्या तीन गावांतून तीन जगप्रसिद्ध मॉडेल निघाल्या, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. त्याआधी याच राज्यातली शर्ली मालमान चपलांच्या कारखान्यातली नोकरी सोडून मॉडेलिंगमध्ये गेली होती आणि न्यूयॉर्क-पॅरिसपर्यंत पोचली होती.

चपलांचा कारखाना हा तपशील महत्त्वाचा आहे. रिओ ग्रांदे दो सूल हा चामडं आणि पादत्राणांचा मोठा निर्यातदार प्रदेश, शेजारच्या सांता कातारिना राज्यात कापडाच्या गिरण्या. १९९० नंतर ब्राझीलनं आयातीवरचे निर्बंध सैल केले तेव्हा स्वस्त आशियाई कापड आणि चपला देशात शिरल्या आणि स्थानिक कारखानदारांच्या पोटात गोळा आला. जुलै १९९४ मध्ये ‘रेआल’ हे नवं चलन आलं, महागाईचा वणवा विझला, लोकांच्या हातातल्या पैशाला किंमत आली. आता नुसतं कापड विकून भागणार नव्हतं, नाव विकणं भाग होतं. पाउलो बोर्जेस या संयोजकानं १९९६ मध्ये साओ पावलोत ‘मोरुंबी फॅशन’ सुरू केलं, ते या वळणावर. २००१ मध्ये त्याचंच नाव साओ पावलो फॅशन वीक झालं. वर्षातून दोनदा ठरलेल्या तारखांना कपडे दाखवायचे म्हटल्यावर मुली लागणार, मुली लागणार म्हणून एजन्सी शोधायला निघणार, आणि एजन्सी निघाली की ओरिझोन्तिनातल्या वर्गाला बाजार मिळणार. साखळी अशी जुळली. ज्या वर्षी उज्ज्वला नीसला एकटी गेली, त्याच वर्षी ब्राझीलनं आपल्या मुलींसाठी घरचा मंच उभा केला होता.

आता इकडे या. मुंबईच्या गिरण्यांत कापड विणणारा मोठा कामगारवर्ग कोकणातला होता. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता. १ मे १९८१ ला जिल्हा झाला, त्याआधी सगळा रत्नागिरीच. कुडाळ, मालवण, सावंतवाडी, वेंगुर्ल्यातून बापये मुंबईला जात, लालबाग-परळच्या चाळीत गावकऱ्यांच्या खोलीत पथारी टाकत, खानावळीत जेवत आणि पाळीवर जात. घरच्या शेताला, गणपतीला आणि जत्रेला मनीऑर्डर यायची ती या कापडातून. त्या कापडाच्या जाहिरातीही मुंबईतच तयार होत. खटावची व्हॉइल, बॉम्बे डाइंगच्या चादरी आणि साड्या नेसून-पांघरून जो चेहरा मासिकाच्या पानावर आणि कॅलेंडरवर झळकायचा तो दक्षिण मुंबईतल्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या, जाहिरातवाल्यांच्या ओळखीतल्या घरांतला असे. परळ आणि फ्लोरा फाउंटन यांच्यात अंतर किती, तर बसच्या एका तिकिटाचं. पण माग चालवणाऱ्याच्या मुलीला ते कापड अंगावर घेऊन कॅमेऱ्यासमोर उभं करावं, हे कोणालाही सुचलं नाही. रिओ ग्रांदेत चपलांच्या कारखान्यातली मुलगी मॉडेल होऊ शकली, गिरणगावात तसं झालं नाही. मुलगी आणि कॅमेरा यांच्या मधे जो माणूस लागतो, वर्ग घेणारा, हेरणारा, आईबापांशी बोलणारा, तो इथे नव्हता. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत कधी आत गेले नाहीत. कुडाळच्या कित्येक घरांतला कर्ता माणूस त्या वर्षी एसटीनं गावी परतला. देशात जेव्हा नवा फॅशनधंदा उगवायचा होता, नेमका तेव्हाच कापडाशी असलेला कोकणाचा जुना संबंध तुटला. पुढे नव्वदीच्या अखेरीस लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल उभा राहिला आणि गिरणगावात ब्रँडेड कपड्यांची दुकानं आली. त्या जागेवर ज्यांचा घाम गळला होता त्यांच्या घरची मुलं तिथे सुरक्षारक्षक म्हणून, विक्रेती म्हणून लागली. हे लिहिताना राग येतो आणि तो यायला हवा.

भारतात रॅम्पची गरजच उशिरा निर्माण झाली, हेही मान्य केलं पाहिजे. साडीला माप नसतं. कापडगिरणी साडी विकते तेव्हा तिला एक सुंदर छायाचित्र पुरतं. हंगामागणिक वीस-पंचवीस मुली चालवून दाखवाव्या लागत नाहीत. शिवलेल्या कपड्यांचा, डिझायनरच्या नावाचा बाजार उभा राहिला की चालणाऱ्या मॉडेलची गरज भासते. दिल्लीत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी १९८६ साली सुरू झाली. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पानं बाजार खुला झाला. फॅशन डिझाइन कौन्सिल १९९८ मध्ये स्थापन झालं, आणि पहिला इंडिया फॅशन वीक दिल्लीत भरला तो ऑगस्ट २००० मध्ये. म्हणजे ब्राझीलच्या चार वर्षं मागे. चार वर्षं इतिहासात फार नव्हेत, पण मॉडेलच्या कारकिर्दीत तो निम्मा काळ असतो. शिवाय साओ पावलोच्या मागे दक्षिणेतल्या गावांतले वर्ग होते. दिल्लीच्या मागे असं काही नव्हतं. डिझायनर मुंबई-दिल्लीतले, मुली मुंबई-दिल्ली-बंगळूरच्या, प्रेक्षक तेच. ही एकाच मजल्यावरची येरझार होती.

या रिकाम्या जागेत आपल्याकडे एकच जिना होता, तो सौंदर्यस्पर्धांचा. त्याची पहिली पायरी एका गोवेकर घरातल्या मुलीनं चढली. मुंबईत वाढलेली, ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टरी शिकणारी रीटा फारिया १९६६ च्या नोव्हेंबरात लंडनला मिस वर्ल्ड झाली, हा मान मिळवणारी पहिली आशियाई. स्पर्धेत घालायचा पोहण्याचा पोशाखही तिनं मॉडेल पर्सिस खंबाटाकडून मागून नेला होता. वर्षभराचे करार संपल्यावर तिनं मॉडेलिंग सोडलं, लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि पुढे डब्लिनला स्थायिक झाली. तिचा निर्णय शहाणपणाचा होता, पण त्यातून हेही दिसतं की मुकुटाच्या पुढे वाटच नव्हती. वाट असती आणि तिनं ती नाकारली असती, तर गोष्ट वेगळी. सव्वीस वर्षांनी, मे १९९२ मध्ये, नागपूरची मधू सप्रे बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या शेवटच्या तिघींत उभी होती. ॲथलीट मुलगी, अंगात मैदानाचा ताठा, त्या रात्री जिंकेल असं अनेकांना वाटत होतं. प्रश्न आला : देशाची सूत्रं हाती आली तर सर्वांत आधी काय कराल? तिनं सांगितलं, खेळांसाठी मोठं स्टेडियम बांधेन. परीक्षकांना हे उत्तर हलकं वाटलं. मुकुट नामिबियाच्या मिशेल मॅक्लीनला गेला आणि मधू तिसरी आली. गरिबी हटवण्याची गोष्ट तिनं सांगायला हवी होती, असं तेव्हा आपल्याकडेही बोललं गेलं. खेळाडू मुलीनं मैदान मागितलं यात चूक काय होती? उत्तर प्रामाणिक होतं, आणि आपल्या जिल्ह्या-तालुक्यांतली मैदानं पाहिली तर ते दूरदृष्टीचंही होतं. इथे मुद्दा असा की इंग्रजी ही तिची रोजच्या सरावाची भाषा नव्हती आणि सौंदर्यस्पर्धेचा जिना इंग्रजी संभाषणावर उभा होता. जिझेल न्यूयॉर्कला गेली तेव्हा तिलाही इंग्रजी जेमतेमच येत होतं, पण तिला कोणी भाषण करायला सांगितलं नाही. तिनं चालायचं होतं. ब्राझीलच्या वाटेवर गावातली मुलगी फक्त अंगकाठीच्या आणि मेहनतीच्या बळावर पुढे जाऊ शकत होती. आपल्या वाटेवर आधी इंग्रजी माध्यमाची शाळा लागत होती. मराठी माध्यमात शिकलेल्या कुडाळच्या मुलीसाठी तो जिना तळालाच बंद होता.

उज्ज्वलाचं वेगळेपण याच कारणानं मोठं आहे. पोलिस अधिकाऱ्याची मुलगी, मराठी बोलणाऱ्या घरात वाढलेली, ती मिस इंडियाच्या रांगेत न लागता मॉडेल शोधणाऱ्या स्पर्धेतून पुढे आली आणि थेट पॅरिस-मिलान-न्यूयॉर्कच्या बाजारात जाऊन उभी राहिली. २००२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीत ‘व्हिक्टोरियाज सीक्रेट’चा शो झाला. त्या शोमध्ये ती चालली आणि जिझेलही चालली. जिझेल रॅम्पवर असताना प्राणिहक्कवाल्या बायका फलक घेऊन थेट तिच्या वाटेत उड्या टाकून आल्या. मिंकच्या कातड्याच्या जाहिरातीचं काम तिनं घेतलं होतं, त्याचा निषेध करायला. ती न थांबता चालत राहिली. रक्षकांनी त्या बायकांना ओढून नेलं. पुढे तिनं फरच्या जाहिराती सोडून दिल्या. त्या रात्रीबद्दल जे काही लिहिलं गेलं ते या गोंधळाबद्दल. मराठी वाचकाच्या दृष्टीनं मात्र त्याच लाकडी फळ्यांवर त्याच रात्री एक मराठी मुलगी चालून गेली, ही नोंद जास्त मोलाची आहे. पुढच्या वर्षी ती पुन्हा बोलावली गेली. एवढ्या उंचीवर पोचणं हे तिच्या एकटीच्या कर्तबगारीचं फळ होतं. ब्राझीलच्या मुलींना त्यासाठी एकटीनं एवढं लढावं लागत नव्हतं. तिच्या कारकिर्दीकडे पाहून, जिद्द असली की वाट सापडते, असं म्हणण्याचा मोह होतो. पण अपवादात्मक माणसाला वाट सापडणं आणि साधारण गुणी माणसासाठी वाट असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : आपल्या समाजाला हे मानवलंच नसतं. मराठी घरं, त्यातून कोकणातली, मुलीला असं चारचौघांसमोर उभं करणार नाहीत. या आक्षेपाला इतिहासाचा आधार फार कमी आहे. १९३८ साली मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या. कथा आचार्य अत्र्यांची, चित्रपट कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा, आणि प्रेक्षक मराठी मध्यमवर्ग. ओरड झाली, पण चित्रपट धो धो चालला आणि मीनाक्षीबाईंची कारकीर्द पुढे दशकानुदशकं सुरू राहिली. त्यांचं माहेरचं नाव रतन पेडणेकर. पेडणेकर आणि शिरोडकर ही दोन्ही आडनावं कुडाळच्या बाजारात रोज कानावर पडणारी आहेत. त्यांचीच नात नम्रता शिरोडकर १९९३ मध्ये मिस इंडिया झाली. एका घराच्या दोन पिढ्यांनी पंचावन्न वर्षांच्या अंतरानं जे केलं ते समाजानं पचवलं. तसं पाहिलं तर कुडाळ-नेरूर-वालावलच्या जत्रांत दशावतार पाहणाऱ्या लोकांना वेषभूषेची आणि चालीची पारख शिकवावी लागत नाही. स्त्रीपार्ट करणारा पुरुष नऊवारी सावरत कसा पदन्यास टाकतो, नजर कुठे ठेवतो, याचे बारकावे बघत इथला प्रेक्षक रात्र जागवतो. अंग, वस्त्र आणि चाल यांचा मेळ ही त्याला परकी गोष्ट नव्हे. स्त्रीनं स्वतः त्या मंचावर उभं राहणं परकं होतं, हे खरं, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ओरिझोन्तिनाही चर्चची घंटा ऐकून चालणारं शेतकऱ्यांचं गाव होतं, रिओच्या समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो मैल दूर. तिथल्या आईनं मुलीला पाठवलं ते धाडस म्हणून नव्हे. ओळखीच्या माणसानं, घरबसल्या, पैशाचा आणि सोबतीचा हिशेब समजावून सांगितला म्हणून पाठवलं. समाजाचा विरोध खरा असतो, पण तो कामाची शाश्वती दिसली की वितळतो. नर्सिंगला मुली पाठवायला आपली घरं एकेकाळी तयार नव्हती, हे फार जुनं नाही.

विरोध समाजापेक्षा सत्तेकडून जास्त चिवटपणे झाला, याचा पुरावा ‘टफ’ बुटांची जाहिरात. १९९५ मध्ये प्रबुद्ध दासगुप्ता यांनी टिपलेलं छायाचित्र : मधू सप्रे आणि दादरचा जलतरणपटू मिलिंद सोमण, दोघांच्या पायांत फक्त बूट, आणि अंगाभोवती अजगर. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा खटला भरला, अजगरासाठी वन्यजीव कायद्याचं कलमही लागलं. खटला चौदा वर्षं चालला आणि २००९ मध्ये सगळे निर्दोष सुटले. चित्र आवडावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण चौदा वर्षं कोर्टाच्या तारखा हे मॉडेलच्या दृष्टीनं अख्खं आयुष्य असतं. या काळात एखाद्या तालुक्याच्या गावातल्या आईबापानं वर्तमानपत्र वाचून काय ठरवलं असेल, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ब्राझीलच्या या मुली गोऱ्या, युरोपी वंशाच्या, उंच. जगाच्या बाजाराला हव्या होत्या तशा. मग वाटेचं कौतुक कशाला? रंगाचं कौतुक म्हणा. हे अर्ध्याहून जास्त खरं आहे. ब्राझीलची निम्मी लोकसंख्या काळी किंवा मिश्र वर्णाची, पण मॉडेल हेरणारे लोक कृष्णवर्णीय वस्तीचं बाहिया राज्य सोडून दक्षिणेत जर्मन-इटालियन वस्त्यांत फिरत होते, हा निखळ वर्णभेद होता. बाहियाची आद्रियाना लिमा मोठी झाली, पण ती वाट मळलेली नव्हती. २००९ मध्ये सरकारी वकिलांच्या दबावाखाली साओ पावलो फॅशन वीकला निदान दहा टक्के मॉडेल कृष्णवर्णीय किंवा मूळनिवासी घेण्याचं कबूल करावं लागलं, यातच सगळं आलं. पण या आक्षेपातून मुद्दा खोडला जात नाही, उलट पक्का होतो. तीच बाहिया, तीच दक्षिण, देश एक. वाट कुठे बांधायची हे धंद्यानं ठरवलं आणि जिथे बांधली तिथून मुली आल्या. जिथे बांधली नाही तिथल्या मुली कमी सुंदर नव्हत्या. आणि गोरेपणच सर्वस्व असतं तर सावळी उज्ज्वला मिलानमध्ये टिकलीच नसती. उंचीचंही तसंच. ब्राझीलची सरासरी बाई काही पावणेसहा फूट नसते. थोड्याच मुली तशा असतात, त्या शोधाव्या लागतात. मधू सप्रे मैदानावर सापडली. सिंधुदुर्गातल्या शाळांच्या कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉलच्या संघांत त्या काळात कोणी त्या नजरेनं पाहिलं होतं? जिझेलही व्हॉलीबॉलच्याच मैदानावरून आलेली.

कोणी म्हणेल, आपल्या मुली चित्रपटात गेल्या. खरं आहे, आणि त्यात वाईट काही नाही. सोनाली बेंद्रे मॉडेलिंगमधून आली आणि १९९४ मध्ये पडद्यावर गेली, नम्रताही गेली. १९९४ मध्येच सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांना दोन जागतिक मुकुट मिळाले, तेव्हापासून रॅम्प म्हणजे सिनेमाचं प्रतीक्षागृह, अशी समजूत घट्ट झाली. त्यातून मॉडेलिंग हा स्वतंत्र पेशा म्हणून कधी गणलाच गेला नाही. त्याचं वेतन, कामाचे तास, निवृत्तीनंतरचं आयुष्य यांवर कोणी विचार केला नाही. मधू सप्रेही २००३ च्या ‘बूम’ या चित्रपटात दिसली, पण तो तिचा प्रांत नव्हता. ती इटलीला संसार थाटून राहिली.

राहता राहिला तो सर्वांत कठीण प्रश्न, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल. अशी वाट हवीच कशाला? १९९८ च्या हंगामासाठी लंडनला अलेक्झांडर मॅक्वीनच्या शोमध्ये जिझेलला पडद्यामागे गेल्यावर कळलं की तिनं छाती उघडी ठेवून चालायचं आहे. ती किशोरवयीन, इंग्रजी धड न येणारी, रडायला लागली. रंगभूषाकारानं तिच्या अंगावर पांढऱ्या रंगाचा पोलका रंगवून दिला, आणि त्या रॅम्पवर कृत्रिम पाऊस पडत होता म्हणून डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसलं नाही. तिनंच पुढे हे सांगितलं. ही वाट कुठेकुठे घसरडी होती, हे यातून कळतं. नोव्हेंबर २००६ मध्ये तर साओ पावलो राज्यातल्या जुंजियाईची आना कारोलिना रेस्तों ही एकवीस वर्षांची मॉडेल उपासमारीच्या आजारानं गेली. गरीब घर, घरी पैसे पाठवायची जबाबदारी, आणि बारीक राहण्याचा धाक. त्या मृत्यूनंतर साओ पावलोत सोळा वर्षांखालच्या मुलींना बंदी आली, वैद्यकीय दाखले मागितले जाऊ लागले. एवढं होईपर्यंत किती मुली आजारी पडल्या असतील! म्हणून वाट हवी म्हणणाऱ्यानं कठडेही मागितलेच पाहिजेत : वयाची अट, करार आईबापांना कळेल अशा भाषेत, डॉक्टर, आणि शिक्षण चालू राहण्याची सोय. पण वाट नसल्यानं मुली सुरक्षित राहतात, हा युक्तिवाद मात्र खोटा आहे. वाट नसते तिथे दलाल असतात. मुंबईत ‘पोर्टफोलिओ’च्या नावानं गावाकडच्या मुलींकडून पैसे उकळणारे भामटे नेमके त्याच पोकळीत फोफावले. ओरिझोन्तिनातल्या वर्गाचं मोल इथे कळतं. शिकवणारा गावाला माहीत होता, फसवलं असतं तर गावानं जाब विचारला असता.

जिझेलनं एप्रिल २०१५ मध्ये साओ पावलो फॅशन वीकमध्येच रॅम्पचा निरोप घेतला. जिथून वाट सुरू झाली त्याच शहरात ती थांबली, आणि तोवर तिच्या मागे दोन पिढ्या तयार झाल्या होत्या. २०१९ च्या डिसेंबरात एमटीव्हीनं भारतात ‘सुपरमॉडेल ऑफ द इयर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा परीक्षक-मार्गदर्शकांत उज्ज्वला राऊत होती, मिलिंद सोमण होता. नीसपासून या खुर्चीपर्यंत तेवीस वर्षं गेली. नव्वदीच्या अखेरीपासून कुडाळहून मुंबईला जाणारी रेल्वे आहे, रातराणी आधीपासून होतीच, अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. जिझेलचं गाव साओ पावलोपासून याच्या दुपटीहून लांब होतं. कुडाळच्या मुलीला अडवलं ते अंतरानं नव्हे. गावात वर्ग घेणारा माणूस, शहरात त्याला ओळखणारी एजन्सी आणि तिच्या पाठीशी उभा राहणारा कापडाचा धंदा, या तीन गोष्टी महाराष्ट्रात एका वेळी एका जागी कधीच आल्या नाहीत. त्यांतली तिसरी एकेकाळी आपल्याच माणसांच्या हातात होती, परळच्या मागांवर.